भिलाईचा ताप

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलादाच्या कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातील एक लहानसे खेडे होते. दुर्ग जिल्हा त्या काळी जुन्या मध्य प्रदेशात मोडत असे आणि त्या प्रदेशाची राजधानी होती नागपूर; त्यामुळे मराठी माणसाला हा मुलूख परका असा कधी वाटलाच नाही. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याचा इतिहास लिहिणारे पोलादाचे आकडे देतात. तेथील तापाचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही.

वास्तविक छत्तीसगड ही हिवतापाची जुनी भूमी. गावोगाव तळी, ज्यांना तिकडे ‘तरिया’ म्हणतात, भाताची खाचरे, पाटाचे पाणी आणि दक्षिणेस बस्तरची अरण्ये. खाचरांत व पाटांत वाढणारा अ‍ॅनॉफेलीस क्युलिसिफेसीज आणि झऱ्या-ओढ्यांत वाढणारा फ्लुव्हिअ‍ॅटिलिस, दोघांनाही येथे काही उणे नव्हते. परंतु भिलाईच्या भट्ट्या उभ्या राहिल्या त्या एका विलक्षण सुदैवी दशकात. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरसाल साडेसात कोटी माणसांना हिवताप होई व आठ लाख माणसे त्याने दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना सुरू झाली, डी.डी.टी.ची फवारणी खेड्यापाड्यांत पोचली, आणि १९६५ च्या सुमारास रुग्णांची नोंदलेली संख्या लाखाच्या आसपास उतरली. १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ हा शब्द जाऊन ‘निर्मूलन’ हा शब्द आला होता. शब्द बदलण्याची घाईच झाली, असे आज म्हणावे लागते. कारण १९७६ साली रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. डास औषधाला सरावले होते आणि माणसे बेसावध झाली होती.

हवामानाचा या साऱ्याशी संबंध कोठे येतो? रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाच्या जंतूची वाढ पाहिली. त्या शोधातच या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. डासाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. भोवतालची हवा जितकी उबदार, तितकाच तो उबदार. जंतूला त्याच्या पोटात पक्व व्हावयास २० अंशांवर तीन आठवडे लागत असतील, तर २५ अंशांवर दहा-बारा दिवस पुरतात. डासाचे आयुष्यच काही आठवड्यांचे! तेव्हा हा दहा दिवसांचा फरक म्हणजे रोग पसरणे आणि न पसरणे यांतील फरक होय. उलट पारा फारच चढला, तर जंतू पिकण्याआधी डासच मरतो. म्हणून ‘उष्णता वाढली की रोग वाढला’ हे सरळ त्रैराशिक खरे नव्हे. भिलाईचा मे महिना, ज्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, डासालाही जाचकच असतो.

पावसाचेही तसेच. १९०८ साली पंजाबात हिवतापाची भयंकर साथ आली. तिचा अभ्यास करून क्रिस्टोफर्स यांनी १९११ मध्ये दाखवून दिले की, अतिवृष्टीच्या जोडीला महागाई व उपासमार असली म्हणजे साथ प्राणघातक होते. त्याच वर्षी बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचे मूळ दलदलीत नव्हे, तर घराघरांतील विहिरींत व टाक्यांत असल्याचे सांगितले. विहिरी बुजवण्यास किंवा झाकण्यास धर्मभावनेने विरोध झाला, आणि तो समजण्याजोगाही होता. पण मुद्दा असा की, पाणी आकाशातून पडते आणि साठवतो मात्र माणूस.

भिलाईला याचा प्रत्यय ऑगस्ट २०१८ मध्ये आला. खुर्सीपार, छावणी अशा कामगारांच्या वस्त्यांत डेंग्यूची साथ उसळली व अनेक बळी घेऊन गेली. डेंग्यूचा वाहक एडीस डास हा खाचरांत जात नाही. तो दिवसा चावतो आणि पिंप, रांजण, टायर, कूलर यांतील स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ज्याच्या घरी नळ अखंड वाहतो त्याला पिंप भरून ठेवावे लागत नाही. तापाचा नकाशा आणि नळाचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहावेत. याच डासाने १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत चिकुनगुन्याची साथ आणली होती. पुढे तीन दशके तो रोग जणू विस्मृतीत गेला, आणि २००६ मध्ये देशभरात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण दिसले.

आता ऋतूच आपली चाल बदलू लागले आहेत. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. मध्य भारतावरील व्यापक अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवले. त्याच संस्थेतून २०२५ साली पुणे शहरातील डेंग्यूमृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष विचारात पाडणारा आहे: २७ ते ३५ अंशांची ऊब आणि पावसाळाभर विखुरलेला मध्यम पाऊस डेंग्यूला मानवतो, आठवड्यात दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, तर अंडी व अळ्या वाहून जातात. म्हणजे पावसाची एकूण बेरीज नव्हे, तर त्याची वाटणी महत्त्वाची. आणि ही वाटणीच आज बिघडत आहे.

भिलाईत उन्हाळ्यात घरोघर कूलर लागतात व पाऊस आला की बंद होतात. एडीसची अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरडी राहतात, कित्येक महिने जिवंत असतात, आणि पुन्हा पाणी भरले की काही तासांत फुटू लागतात.