उपग्रहाच्या नकाशाची पारख

भारतांत अरण्य किती उरलें आहे, या प्रश्नाला जवळजवळ एकाच काळाविषयीं दोन सरकारी उत्तरें मिळालीं. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेनें १९८० ते १९८२ च्या उपग्रहचित्रांवरून देशाची १४.१० टक्के भूमि वनाच्छादित ठरविली. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेनें १९८१ ते १९८३ च्या चित्रांवरून १९.४९ टक्के. दोहोंचा आधार लँडसॅट उपग्रहांचींच चित्रें. हें अंतर सुमारें पावणेदोन लाख चौरस किलोमीटरांचें, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक! एवढें अरण्य वर्षभरांत उगवत नाहीं. भेद अरण्यांत नव्हता, चित्र वाचण्यांत होता. पुढें उभय संस्थांनीं आंकडे ताडून मेळ घातला.

१९७२ सालीं पहिला लँडसॅट सुमारें ९०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वी न्याहाळूं लागला. त्याच्या चित्रांतील एक ठिपका म्हणजे जमिनीचा सुमारें ८० मीटरांचा तुकडा. त्यांत झाड, शेत व वाट यांचा प्रकाश एकत्र मिसळे. रान कोठें संपलें आणि माळ कोठें लागला, हें अखेर माणसालाच ठरवावें लागे.

मग अशा नकाशाचा खरेपणा कसा पारखावा? १९७६ सालीं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ग्रंथांत निदान ८५ टक्के अचूकतेची अट घातली गेली. परंतु एकच टक्केवारी फसवी असते. शंभरांपैकीं नव्वद स्थळीं अरण्य नसलेल्या प्रदेशांत, 'अरण्य कोठेंच नाहीं' असें सांगणारा नकाशाहि नव्वद टक्के अचूक ठरेल! १९८६ सालीं स्टोरी व काँगॅल्टन या संशोधकांनीं म्हणूनच दोन प्रश्न वेगळे मांडले. नकाशा ज्याला अरण्य म्हणतो, त्यांपैकीं खरें अरण्य किती? आणि भूमीवरील अरण्यापैकीं नकाशाला गवसलें किती? पहिला प्रश्न नकाशा वापरणाराचा, दुसरा तो करणाराचा. उत्तरासाठीं चिठ्ठ्या टाकल्यासारखीं स्थळें निवडून, तीं प्रत्यक्ष पाहून, नकाशाशीं ताडून कोष्टक मांडावें लागतें.

तरीहि एक पेंच उरतो. वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येंत, एक हेक्टर वा अधिक भूमीवर दहा टक्के वृक्षच्छाया असली कीं तें वनाच्छादन. मालकी वा झाडांची जात पाहिली जात नाहीं. कोंकणांतील आंब्याची बागहि त्यांत मोडते. तेथें नकाशा चुकलेला नसतो. 'अरण्य' या शब्दाचा अर्थच निराळा घेतलेला असतो. हिरवा रंग पाहून समाधान मानण्यापूर्वीं ती व्याख्या आणि तें चुकांचें कोष्टक वाचणें, हेंच नकाशा वाचणें होय.