सांधा, छडी आणि कल्पना

पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचा दौंडला एक ठरलेला सोहळा असे. इंजिन सुटायचं, शेजारच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि गाडी उलटी निघायची. पुढे तोंड करून बसलेला प्रवासी बसल्याजागी पाठमोरा! दौंड-मनमाड मार्ग १८७८ चा. इंजिनाची ही फिरवाफिरव वाचवणारी कॉर्ड लाइन अगदी अलीकडची. या खटाटोपाचा जीव गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यात. इंग्रजीत त्यालाच ‘स्विच’ म्हणतात.

हा शब्द मुळात घोडा हाकायच्या लवचीक छडीचा. तिथून तो रुळांवर आला, मग विजेच्या बटणात, मग टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तिथे जोडणी ऑपरेटरच्या हाती असे. ती काढून घेणारं यंत्र अमेरिकेतल्या अल्मन स्ट्राउजरचं, पेटंट १८९१ चं. हा गृहस्थ अंत्यविधीच्या धंद्यातला. आपली गिऱ्हाइकं ऑपरेटर दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय होता, असं सांगतात.

संगणकांच्या जाळ्यातला पहिला इथरनेट स्विच १९९० मध्ये बाजारात आला, तो ‘कल्पना’ नावाच्या कंपनीचा. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक. नाव भारद्वाजांच्या पत्नीचं. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली.

कोणतं यंत्र कुठल्या पोर्टवर आहे हे स्विच आपलं आपण शिके. पण कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे जाळ्याच्या कुठल्या कप्प्यात, हे माणसानेच टाइप करायचं. रांजणगाव एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात टेबल हलवलं, वायर भलत्या पोर्टात गेली, की जाळ्यावर चालणारा फोन मुका. एका परीने हा टाइप करणारा माणूस म्हणजे रेल्वेत सांधे बदलणारा पॉइंट्समनच, फक्त लिव्हरऐवजी कीबोर्ड हाती.

२००१ मध्ये ८०२.१एक्स हे मानक आलं: आधी ओळख पटव, मग पोर्ट उघडेल. २००५ मध्ये एलएलडीपी आलं. त्यात उपकरण स्वतःच सांगतं, मी फोन आहे, मी कॅमेरा आहे. ते ऐकून स्विच पोर्टची मांडणी बदलू शकतो. सोय मोठी, पण नुसतं एलएलडीपी म्हणजे आलेल्याच्या शब्दावर भरवसा. लॅपटॉपनेही ‘मी फोन’ म्हटलं तर?

रेल्वे इतकी भोळी नव्हती. जॉन सॅक्सबीचं इंटरलॉकिंगचं पेटंट १८५६ चं. सांधा नीट बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल पडत नाही, मग गाडी कुणाचीही असो.