नॉर्थ कोलखालचा उतार

पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की आपण पावसाला बोल लावून मोकळे होतो. हिमकडा कोसळला की निसर्गाचा कोप! मीही तसंच समजत होतो. हिमालयात गिर्यारोहणाचं प्राथमिक शिक्षण घेताना आमच्या उस्तादांनी एक पांढराशुभ्र, साधासा उतार दाखवून विचारलं, ‘इथून जाल का?’ आम्ही सगळे हो म्हणालो. उस्ताद म्हणाले, ‘मॅलरीसुद्धा हो म्हणाला होता.’

जॉर्ज मॅलरीची ती गोष्ट मी नंतर वाचून काढली. एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचण्याचा पहिला प्रयत्न १९२२ साली, जनरल चार्ल्स ब्रूस यांच्या नेतृत्वाखाली, तिबेटच्या बाजूनं झाला. मे महिन्यात दोन चढाया झाल्या. दुसरीत फिंच आणि जेफ्री ब्रूस प्राणवायूच्या साह्यानं २७,३०० फुटांच्या आसपास पोचले. बहुतेक मंडळी थकली होती, काहींना हिमदंश झाला होता. पावसाळा तोंडावर होता. तरी तिसरा प्रयत्न करायचं ठरलं.

जूनच्या सुरुवातीला भरपूर बर्फ पडलं. मग एक दिवस लख्ख ऊन पडलं, तेव्हा मॅलरीला वाटलं, बर्फ बसलं असेल. ७ जूनच्या सकाळी मॅलरी, सॉमरवेल, क्रॉफर्ड आणि १४ हमाल नॉर्थ कोलच्या खिंडीकडे निघाले. पाय गुडघाभर रुतत होते. ही माणसं बेफिकीर मुळीच नव्हती. वाटेत एका तीव्र उतारावर त्यांनी मुद्दाम बर्फ हलवून पाहिलं, ते जागचं हललं नाही. तेवढ्यावर पुढची वाट सुरक्षित ठरली.

चूक इथंच झाली. बर्फ थराथरानं साचतं. जुन्या, टणक पृष्ठावर नवा थर पडतो आणि मधला बंध कच्चा राहतो. साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार सर्वात घातक, कारण त्याहून तीव्र उतारावर बर्फ फारसं साचतच नाही, अधूनमधून घसरून जातं. वाऱ्यानं एका अंगाला जास्त बर्फ आणून टाकलं, तर पन्नास पावलांवर परिस्थिती वेगळी. म्हणून एका जागची परीक्षा दुसऱ्या जागेला लागू पडत नाही. आणि त्या कच्च्या बंधावर शेवटचं ओझं बहुतेक वेळा चालणाऱ्या माणसाचंच पडतं.

दुपारी दीडच्या सुमाराला दारूचा बार उडावा तसा आवाज झाला आणि उतारावरून घोंगडी सरकावी तसं बर्फ निघालं. माणसं चार दोरांना बांधलेली होती. पुढच्या दोरावरचे चौघे गाडले गेले, पण धडपडून बाहेर आले. दुसऱ्या दोरावरचे चौघेही वाचले. मागच्या दोन दोरांवरचे नऊ हमाल मात्र बर्फाच्या कड्यावरून खालच्या भेगेत फेकले गेले. दोघांना जिवंत उकरून काढलं. सात जण गेले. आज अशा वाटेवर जाणारा जाणता माणूस ठावठिकाणा कळवणारं यंत्र, लांब काठी आणि फावडं बाळगतो, कारण गाडलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता पंधरा-वीस मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते. तेव्हा हातांनी उकरायचं.

मृतांना तिथंच राहू द्यावं, अशी सोबत्यांची इच्छा होती. तळावर त्यांच्यासाठी दगडांची रास रचली. एकही गोरा माणूस दगावला नव्हता, आणि हेच सॉमरवेलला सोसेना. आपल्यापैकी कुणी त्यांच्यासोबत गेला असता तर बरं झालं असतं, असं त्यानं पुढं लिहिलं. मॅलरीनंही दोष स्वतःकडेच घेतला. १९२४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये या मोहिमेला गिर्यारोहणाची पदकं मिळाली, त्यांच्या यादीत त्या सातांचीही नावं होती. ती पदकं त्यांच्या घरच्यांच्या हातात पोचली का, हे मला कुठं वाचायला मिळालं नाही.

सॉमरवेल शल्यविशारद होता. मोहिमेनंतर भारतात फिरताना त्यानं त्रावणकोरातल्या नेय्यूरचं मिशन रुग्णालय पाहिलं. रुग्णांची रीघ, डॉक्टर अपुरे. लंडनमधली कारकीर्द सोडून तो तिथं राहिला, दोन दशकांहून अधिक काळ.