उतरलेला विंचू

आमच्या घरी विंचवाची गोष्ट काढत नाहीत. पाटोदा तालुक्यातलं आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं. माळवदाची घरं, दगडी बांध, चुलीसाठी अंगणात रचलेलं सरपण. विंचू तिथं पाहुणा नव्हताच, घरचाच होता. १९८७ च्या उन्हाळ्यात, दिवेलागणीला, माझा नऊ वर्षांचा चुलतभाऊ सरपण काढायला गेला आणि त्याच्या बोटाला विंचू डसला. लालसर, बोटाएवढाच. रात्री आठला मांत्रिक आला. नऊच्या सुमारास पोरगं म्हणालं, "आता दुखत नाही." विंचू उतरला म्हणून मांत्रिकाला नारळ दिला. त्यानंतर उलट्या सुरू झाल्या, घामानं सदरा भिजला, हातपाय गार पडले. पहाटे जीप मिळाली. अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आमच्यापासून शंभरावर किलोमीटर, म्हणून जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. दुपारी तोंडातून गुलाबी फेस आला आणि सगळं संपलं.

मी तेव्हा बारावीला होतो. पुढं शिक्षण झालं नाही. नोकरी कारकुनाची, पण कागद जपायची आणि जुनं वाचायची सवय लागली. वैद्यकशास्त्राचा माझा अभ्यास हा असा घराच्या उंबऱ्यापासून सुरू झालेला आहे, हे वाचकांना आधीच सांगून टाकतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका परिचित डॉक्टरांनी मला एका जुन्या निबंधाची छायाप्रत दिली. नियतकालिक लंडनचं 'लॅन्सेट', साल १९८६, पानं दोनच. विषय विंचूदंशात हृदय आणि रक्ताभिसरणावर होणारे परिणाम आणि त्यावर प्राझोसिन नावाच्या गोळीचा उपचार. लेखक दोन, हिंमतराव बावस्कर आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनी बावस्कर. गाव महाड. मी सालाकडे बराच वेळ पाहत राहिलो.

डॉ. बावस्करांचं नाव आता बहुतेकांना ठाऊक आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचं आत्मचरित्र अनेक घरांत आहे. त्यांच्यावरचे लेख गरिबीपासून सुरू होतात आणि पुरस्कारापाशी थांबतात. मधला भाग, म्हणजे त्यांनी नेमकं काय शोधलं आणि कसं, तो दोन ओळींत उरकला जातो. माझी तक्रार त्या दोन ओळींबद्दल आहे.

माणूस आपल्याकडचाच. १९५१ चा जन्म, गाव देहेड, तालुका भोकरदन. आज तो जालना जिल्हा, पण जालना जिल्हा झाला १९८१ ला. तेव्हा ते औरंगाबादेत होतं आणि औरंगाबाद अजून हैदराबाद राज्यातच होतं. नागपूरला एम.बी.बी.एस. करून १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मराठवाड्यातला पोरगा कोकणात गेला आणि तिथं त्याला भेटला तो लाल विंचू, जो आमच्या सरपणातही होता.

विंचवानं माणूस मरतो हे कोकणातल्या डॉक्टरांना नवं नव्हतं. महाडच्या परिसरातूनच डॉ. मुंडले यांनी १९६१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं होतं की विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरून रोगी दगावतात. पुढं १९६३ ला त्रिनिदादहून पून-किंग यांनी विंचवानं हृदयाच्या स्नायूला होणाऱ्या इजेबद्दल लिहिलं. म्हणजे मरण कशानं येतं याचा अंदाज होता. ते कधी येणार हे आधी कसं ओळखायचं आणि अडवायचं कसं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

बावस्करांनी केलं ते ऐकायला अगदी साधं आहे. ते रोग्याच्या खाटेपाशी बसून राहिले. डसल्यापासून किती वेळानं उलटी झाली, घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय कधी गार पडले, हे लिहीत गेले. आरोग्य केंद्रात मोठी यंत्रं नव्हती. घड्याळ, रक्तदाबाचं उपकरण, स्टेथोस्कोप आणि वही. त्यातून एक क्रम दिसू लागला. आधी उलट्या, भरपूर घाम, लाळ, गार पडलेले हातपाय, आणि मुलग्यांत व पुरुषांत शिश्न ताठ राहणं. हे शेवटचं लक्षण घरचे लाजेनं सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाही, म्हणून ते निसटत होतं. ही लक्षणं दिसली की काही तासांत हृदय आणि फुप्फुसांवर संकट येणार, असं समजायचं. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला त्यांचा लेख याच पूर्वसूचनांचा आहे.

आता इथं जरा थांबावं लागेल, कारण माझ्या घरातली गोष्ट इथंच उलगडते. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं. मज्जातंतू सारखे पेटत राहतात आणि ॲड्रेनलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात लोंढ्यानं येतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आणि बंद तोटीवर पंप चालवावा तसं हृदय धडपडत राहतं. ते थकलं की पाणी फुप्फुसात तुंबतं. तो गुलाबी फेस त्या पाण्याचा. ज्यांच्यात हा प्रकार जोरात होतो, त्यांना डंखाच्या जागी वेदना कमी असते किंवा नसतेच, हे बावस्करांनी नोंदवलं. उलट रोगी सावरू लागला की डंखाची जागा पुन्हा ठणकायला लागते. नुसता आगडोंब दुखतो आणि अंगभर दुसरं काही नाही, तो रोगी बहुधा सुखरूप राहतो.

म्हणजे आमच्या मांत्रिकाची सगळी विद्या उलट्या बाजूनं चालत होती. बहुतेक विंचू आपोआपच उतरतात. काळी मोठी इंगळी डसली तर माणूस रात्रभर बोंबलतो, पण मरत नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे गेलेल्या शंभरातले पुष्कळ लोक बरे होतात आणि त्याचं नाव होतं. आणि ज्या पोराला खरा धोका आहे, ते "आता दुखत नाही" म्हणतं तेव्हा मांत्रिक नारळ घेतो. नाथांनीसुद्धा विंचवाचं भारूड लिहिलं ते माणसाच्या आतल्या विंचवाबद्दल, उताराही सत्त्वगुणाचा सांगितला. लोकांनी मात्र उतारा तेवढा उचलला. मांत्रिकाला मी खलनायक करणार नाही. तो फसवत नव्हता, त्याला दिसत होतं तेच तो मानत होता. दवाखान्यातही त्या काळी ॲट्रोपिन आणि स्टिरॉइडच दिलं जाई. ॲट्रोपिननं घाम आटतो, रोगी बरा दिसतो, पण आधीच धावणारं हृदय आणखी पळतं. दिसण्यावर विश्वास ठेवायची चूक दोन्हीकडे सारखीच होती.

बावस्कर पुण्याच्या बी. जे. महाविद्यालयात एम.डी. करायला गेले आणि पुन्हा त्याच मुलखात परतले. गंभीर रोग्यांसाठी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. आवळलेल्या रक्तवाहिन्या त्यानं सैल होतात, पण ते थेंबाथेंबानं शिरेतून द्यावं लागतं आणि सतत पहारा लागतो. खेड्यात ते जमणारं नव्हतं. मग प्राझोसिन. ही रक्तदाबाची गोळी, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अल्फा रिसेप्टरवरच ती बसते. तोंडानं द्यायची, प्रौढाला साधारण एक मिलिग्रॅम, लेकराला वजनाप्रमाणे त्याहून कमी, काही तासांनी पुन्हा. रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून रोग्याला आडवं ठेवायचं, उठू द्यायचं नाही, आणि घाम-उलट्यांनी गेलेलं पाणी पाजून भरून काढायचं. गंभीर रोग्यांतलं मृत्यूचं प्रमाण १९८३ पूर्वी तीस टक्क्यांच्या घरात होतं, ते पुढं एका टक्क्याच्या आसपास आलं, असं ते आपल्या लेखांत देतात.

मला त्यांचं सर्वांत मोठं काम याच्या पुढचं वाटतं. मुंबईच्या हाफकिन जैव-औषध महामंडळानं घोड्याच्या रक्तापासून विंचवाची प्रतिविष लस काढली, तेव्हा प्राझोसिनचा शोधकर्ता म्हणून त्यांना गप्प बसता आलं असतं. त्यांनी महाडलाच चाचणी घेतली. ७० रोगी, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि लस. कोणाला काय द्यायचं हे चिठ्ठी टाकावी तसं, डॉक्टरच्या मर्जीवर नाही. दहा तासांत लक्षणं गेलेले रोगी लसवाल्या गटात ३५ पैकी ३२, नुसत्या गोळीच्या गटात ३५ पैकी ८. बरं व्हायला सरासरी एकीकडे ८ तास, दुसरीकडे जवळपास १८. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं हे छापलं. कोणाला काय दिलं हे डॉक्टरला माहीत असणारी चाचणी म्हणून तिच्यावर आक्षेप घेता येतो, पण पंचवीस वर्षं ज्या गोळीनं नाव दिलं, ती एकटी पुरत नाही हे स्वतःच्या सहीनं छापणं सोपं नसतं. आमच्याकडच्या संशोधकांत, मी धरून, ही सवय फार थोड्यांना आहे.

त्यांची वही विंचवापाशी थांबली नाही. सापांवरचा त्यांचा २००४ चा लेख मण्यार आणि नाग यांच्याबद्दल आहे, आणि तो बीडच्या माणसानं वाचावाच असा आहे. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, आग नाही; पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो. नागाच्या विषावर निओस्टिग्मिनचा उपयोग होतो, मण्यारीच्या विषावर तसा होत नाही, कारण नागाचं विष स्नायूवरचं कुलूप अडवतं आणि मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं. तिथं श्वास हातानं किंवा यंत्रानं चालवत ठेवणं हाच उपाय. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातल्या कोयत्याच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. फडाच्या कडेला कोपी, कोपीत जमिनीवर अंथरूण, शेजारी लेकरू. रात्री पोट दुखलेल्या लेकराला ओवा देऊन निजवणारी आई मी पाहिली आहे. पुढं २०१० मध्ये एका लहान गावातल्या मूत्रपिंडाच्या रोग्यांचा माग काढत ते पिण्याच्या पाण्यातल्या शिसं आणि कॅडमियमपर्यंत पोहोचले. विंचू, साप, पाणी. विषय लांबलांबचे वाटतात, पण दारात आलेल्या रोग्याला "तुझं घर कुठं, झोपतोस कुठं, पाणी कुठलं पितोस" हे विचारणं तिन्हीकडे तेच आहे.

१९८६ चं ते पान लंडनहून जगभर गेलं, महाडहून पाटोद्याला मात्र आलं नाही. महाड आणि पाटोद्याच्या मध्ये सह्याद्रीचा घाट आणि पुणे, नगर हे जिल्हे, बस्स. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या टेबलावर ते नियतकालिक येण्याचं काही कारणच नव्हतं, आणि मराठीत ते कोणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून हा लेख इंग्रजी न येणाऱ्यांसाठी मराठीत लिहिला.

मागल्या दिवाळीत याचा कच्चा खर्डा मी चुलतीला वाचून दाखवला. ती आता सत्तरीच्या पुढं आहे. दुखणं थांबणं हे वाईट लक्षण, या वाक्याला तिनं मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मला वाटलं उतरलं. मीच नारळ दिला." बराच वेळानं तिनं विचारलं, ती गोळी तेव्हा मिळत होती का. मी म्हटलं, होती काकू, रक्तदाबाची गोळी म्हणून बाजारात होती.