रिकाम्या जागेचा धनी कोण?

श्रोतेहो, आपल्या जुन्या गावगाड्यात पाटलाची जागा रिकामी झाली तर ती कोणी भरायची, हा प्रश्न गावाला फारसा पडत नसे. पाटील वारला की त्याचा मुलगा पाटील. मुलगा अज्ञान असला तर भाऊबंदांपैकी कोणी काम पाही. कधी तंटे होत, कज्जे कोर्टापर्यंत जात. पण ते भांडण घरातल्या घरात असे. गावाला कोणी विचारीत नसे, कारण पाटीलकी हे वतन होते. महाराष्ट्रात 1962 च्या कायद्याने ही मुलकी पाटीलकी रद्द झाली. आजही आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना तो काळ आठवत असेल.

नगरपालिकेतली निवडून आलेली जागा मात्र पहिल्यापासून वतन नव्हती. ती मुदतीची होती आणि मतदारांनी सोपवलेली होती. मग मुदत संपण्याआधीच ती रिकामी झाली तर काय करायचे? प्रश्न लहान दिसतो. पण रिकामी खुर्ची कोण भरतो, यावरून ते शहर खरोखर कोणाचे आहे हे ओळखता येते. आज आपल्याला या प्रश्नाचा इतिहास थोडा पाहायचा आहे.

प्रथम, जागा रिकामी होते कशी? कारणे मोजकीच आहेत. सभासद मृत्यू पावतो, किंवा आपखुशीने राजीनामा देतो. कधी तो सलग काही महिने सभेला फिरकतच नाही. कधी तो अपात्र ठरतो. म्हणजे पालिकेचाच ठेका घेतो, दिवाळखोर होतो किंवा गंभीर गुन्ह्यात शिक्षा भोगतो. कधी त्याची निवडच न्यायालयात टिकत नाही. यांतल्या ठेक्याच्या अटीकडे जरा लक्ष द्या. रस्त्याच्या खडीचे कंत्राट ज्याने घेतले, त्यानेच त्या खडीचे बिल मंजूर करायला बसावे, हे कसे चालेल? ताटात वाढणारा आणि जेवणारा एकच असला म्हणजे पंगतीतले बाकीचे उपाशी राहतात. म्हणून कायद्याने दोहोंपैकी एकच काहीतरी पत्करायला सांगितले.

आता मुंबईकडे वळू. मुंबईत करदात्यांनी सभासद निवडून देण्याची सुरुवात 1872 च्या कायद्याने झाली. पुढे 1888 चा प्रसिद्ध कायदा आला. तो घडविण्यात फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. या कायद्याने सभासद ठरवले 72. त्यांतले 36 करदात्यांनी निवडायचे, 16 जस्टिस ऑफ द पीस म्हणून सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठित मंडळींनी, 2 विश्वविद्यालयाच्या फेलोंनी, 2 व्यापाऱ्यांच्या चेंबरने. आणि उरलेले 16 सरकारने नेमायचे. निम्म्या जागा करदात्यांच्या, निम्म्या इतरांच्या. करदाता नसलेल्या गिरणीकामगाराला यांत मत नव्हतेच. प्रौढ मताधिकाराने मुंबई पालिकेची निवडणूक व्हायला 1948 साल उजाडावे लागले.

मध्येच रिकाम्या झालेल्या जागेविषयी मात्र या कायद्याने एक साधा आणि शहाणपणाचा नियम घालून दिला. ज्यांनी मूळ सभासद निवडला, त्यांनीच नवा निवडायचा. आणि नव्याने जुन्याची उरलेली मुदत तेवढी पुरी करायची. चार दिवसांसाठी कोणी दुसऱ्याच्या खोलीत उतरावे, तसे हे झाले. उतरणाऱ्याला खोली मिळते, पण भाडेपट्टा नव्याने सुरू होत नाही. शिवाय एखादी जागा रिकामी आहे एवढ्यावरून सभेचे काम अडत नाही, की तिचे ठराव रद्द ठरत नाहीत. नळाला पाणी येतच राहिले पाहिजे!

आता या नियमांची कसोटी पाहणारा एक प्रसंग सांगतो. साल 1907. फिरोजशहांचा पालिकेत एवढा दबदबा होता की अनेक बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांना तो खुपू लागला होता. त्यांनी एक गट बांधला. टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर हेही त्यात होते. लोकांनी या गटाला ‘कॉकस’ म्हटले आणि तेच नाव इतिहासात राहिले. फिरोजशहा जस्टिसांच्या सोळा जागांसाठी उभे होते. या मंडळींनी सोळा नावांची यादी तयार केली, मते जमवली, आणि निकाल लागला तेव्हा फिरोजशहा सतरावे आले. सोळा जागा, आणि हे सतरावे! ज्याने पालिकेचा कायदा घडवला, तोच पालिकेच्या दाराबाहेर उभा राहिला. शहरात मोठी खळबळ उडाली.

पण पुढे काय झाले पाहा. निवडून आलेल्या सोळांपैकी एका गृहस्थाचा पालिकेच्या ठेक्याशी संबंध असल्याचे निघाले. तक्रार लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे गेली. 1888 च्या कायद्याने असे वाद त्यांच्याचकडे सोपवले होते. ती निवड रद्द झाली. आणि त्याच कायद्यात असेही कलम होते की, अशा वेळी ज्याला त्याखालोखाल मते पडली असतील तो निवडून आला असे समजावे. खालोखाल कोण? अर्थात सतरावे, म्हणजे फिरोजशहा. ते सन्मानाने सभागृहात परतले. त्यांना परत आणले ते मोर्चाने नव्हे, सरकारच्या मेहरबानीने तर नव्हेच नव्हे. आणले ते एका कलमाने. कायद्याची कलमे रूक्ष असतात खरी. पण अंधाऱ्या रात्री तीच कंदील होतात.

रिकामी जागा म्हणजे कधी कधी मोठ्या माणसाला उघडलेले दारही असते. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. 1917 साली तेथील दरियापूर विभागात पोटनिवडणूक झाली आणि तिच्यातून एक बॅरिस्टर नगरपालिकेत आले. वल्लभभाई पटेल त्यांचे नाव. ज्यांनी पुढे संस्थाने विलीन केली, त्यांचे सार्वजनिक जीवन गटारे, नळ आणि शाळा यांच्या कारभारातून सुरू झाले. शिक्षकबंधूंनो, मुलांना हे जरूर सांगा.

अध्यक्षाची किंवा महापौराची जागा रिकामी झाली तर रीत थोडी वेगळी. जिथे सभासद महापौर निवडतात, तिथे रिकामी जागाही तेच भरतात. कलकत्त्याची दोन उदाहरणे घ्या. तिथले पहिले महापौर देशबंधू चित्तरंजन दास 16 जून 1925 रोजी दार्जिलिंगला वारले. त्यांच्या जागी जतींद्रमोहन सेनगुप्ता यांची निवड झाली. 1930 साली सेनगुप्ता पुन्हा निवडले गेले. पण कायदेभंगाचे दिवस होते, आणि ते तुरुंगात. शपथ घेता आली नाही, म्हणून जागा रिकामी ठरली. तेव्हा सभासदांनी निवडले सुभाषचंद्र बोस यांना. आणि ते कुठे होते? तेही तुरुंगातच! सप्टेंबरमध्ये सुटून आले आणि त्यांनी महापौरपद हाती घेतले. सरकार एकाला कोंडून जागा रिकामी करी, तर सभासद तिथे दुसऱ्या कैद्याला बसवीत. भरण्याचा अधिकार आपल्या हाती असला, म्हणजे रिकामी खुर्चीसुद्धा बोलू लागते ती अशी.

आतापर्यंत आपण एकेका खुर्चीचे बोललो. पण सगळी सभाच रिकामी केली तर? तेही झाले आहे. असहकाराच्या काळात अहमदाबादच्या नगरपालिकेने आपल्या शाळांवरचे सरकारी नियंत्रण झुगारले. सरकारने फेब्रुवारी 1922 मध्ये पालिकाच बरखास्त केली आणि कारभार नेमलेल्या समितीकडे दिला. पुन्हा निवडणूक झाली ती 1924 साली. मतदारांनी त्याच विचाराच्या मंडळींना मोठ्या संख्येने निवडून दिले आणि वल्लभभाई अध्यक्ष झाले. उत्तर मिळाले, पण ते द्यायला लोकांना दोन वर्षे थांबावे लागले.

ही थांबण्याची गोष्टच खरी काळजीची आहे. स्वातंत्र्यानंतरही पालिका बरखास्त होत राहिल्या, आणि प्रशासक वर्षानुवर्षे बसत राहिले. म्हणून राज्यघटनेची 74वी दुरुस्ती झाली. ती 1 जून 1993 पासून लागू आहे. तिने सांगितले की, पालिकेची मुदत पाच वर्षे. ती संपण्याआधी पुढची निवडणूक व्हावी. मध्येच बरखास्ती झाली तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी, आणि नव्या सभेने उरलेली मुदतच पुरी करावी. मुंबईच्या 1888 च्या कायद्यातला एका खुर्चीचा नियम आता सबंध सभेला लागू झाला. 2006 साली अहमदाबादच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितले की, वेळेवर निवडणूक घेणे हे निवडणूक आयोगाचे घटनात्मक कर्तव्य आहे.

तरीही ज्या मुंबईने हा धडा घालून दिला, तिच्याच पालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकाचा कारभार राहिला. प्रभागांची संख्या आणि आरक्षण यांचे वाद न्यायालयात चालू होते. वाद खरे होते, हे मान्य. पण त्या काळात गल्लीतला नळ आटला तर कोणाचे दार ठोठवायचे, हे रहिवाशाला कळेना. प्रशासक कदाचित कर्तबगार असेल, प्रामाणिकही असेल. पण तो ज्याने नेमला त्याला जबाब देतो; ज्याच्या नळाला पाणी नाही त्याला नव्हे.

आणखी एक गोष्ट. सभासद वारला की त्याच्या मुलाला किंवा पत्नीला उभे करण्याची चाल आपल्याकडे आहे. त्यात कायद्याचा भंग नाही. मुलगा लायक असेल तर खुशाल निवडा. मात्र निवडताना हे ध्यानात असू द्या की, दुःखात सोबत करणे वेगळे आणि गावाचा कारभार हाती देणे वेगळे. वतने कायद्याने गेली. ती मनातून जायला वेळ लागतो.

तुमच्या गावात ग्रामपंचायत असेल, जवळच्या बाजारगावी नगरपालिका असेल. तिथेही एखादी जागा कधीतरी रिकामी होईल. तेव्हा तीन गोष्टी विचारा: ती कशामुळे रिकामी झाली, किती दिवस रिकामी आहे, आणि ती भरायला आपल्याला केव्हा बोलावणार? हे विचारायला पदवी लागत नाही, आणि विचारले तर टाळणे अवघड जाते. ‘गाव करी ते राव काय करी’ असे आपण म्हणतो. पण गावाला ‘करी’ म्हणायचे असेल, तर गावाने मतदानाच्या दिवशी घरी बसून चालायचे नाही.