साडेचार फुटांच्या फळीपासून सातच्या भोंग्यापर्यंत

११ एप्रिल २०११ रोजी केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम प्रसिद्ध केले. त्यांत फळीची उंची ठरवून दिली आहे: दोन संगणकांमधली फळी साडेचार फुटांपेक्षा उंच नसावी. उघड्यावरच्या संगणकांच्या स्क्रीन बाहेरच्या बाजूला तोंड करून असाव्यात. अल्पवयीन मुलांना आई-वडील किंवा पालक सोबत असल्याशिवाय केबिनमध्ये बसू देऊ नये. कोण आले, कधी गेले, याची नोंद निदान वर्षभर जपावी.

हे नियम निघाले तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या आमच्या विट्यातल्या कॅफेंची गर्दी ओसरू लागली होती. मुलांची स्क्रीन टेबलावरून उठून खिशात चालली होती आणि कायदा अजून प्लायवूड मोजत होता. विट्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवले, पुढे संगणकाचे तासही घेतले. आठवी ते दहावीच्या मुलांचे इंटरनेटशी नाते कसे जुळले आणि मोठ्या माणसांनी त्यावर काय काय उपाय केले, हे सारे माझ्या नोकरीच्या काळातच घडले. हा इतिहास मला मांडावासा वाटतो, कारण प्रत्येक टप्प्यावर आपण मुलांची राखण वस्तूंवर सोपवली. कधी फळीवर, कधी कुलपावर, कधी बंदीच्या ठरावावर. संकटात सापडलेल्या मुलाला खरी मदत मात्र झाली ती ज्याला निर्धास्तपणे सांगता येईल अशा माणसाची.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. वर्षाकाठी काही हजार रुपये मोजणाऱ्यांचीच ती चैन होती. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९८ च्या नोव्हेंबरात, आणि मग ही सेवा तालुक्याच्या गावांकडे सरकू लागली. त्याच वर्षी शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणा परिसरातल्या ७० गावांत संगणक केंद्रे काढायची, उसाची नोंद, तोड आणि वजन शेतकऱ्याला गावातच कळावे, अशी त्यामागची कल्पना. आमच्या भागातल्या पुष्कळ मुलांनी संगणक पहिल्यांदा पाहिला तो असा, उसाच्या पावतीसाठी गेलेल्या वडिलांच्या मागे उभे राहून.

बाजारपेठेतला कॅफे वेगळ्या वाटेने आला. तो एसटीडी बूथच्या पोटी जन्मला. घरोघर फोन आले, लांबच्या कॉलचे दर उतरले, आणि बूथवाल्यांनी काचेच्या खोपटाशेजारी दोन-तीन संगणक मांडले. पाटी तीच राहिली, फक्त एसटीडी-झेरॉक्सच्या खाली ‘इंटरनेट’ हा शब्द रंगवला गेला. सुरुवातीला तासाला पन्नासच्या आसपास रुपये पडत. जोडणी टेलिफोनच्या तारेवरची. मॉडेम खरखरायचा, किंचाळायचा, मग शांत व्हायचा, आणि पान वरून खाली ओळीओळीने उमटायचे. दहावीच्या निकालादिवशी दुकानाबाहेर चपलांचा ढीग लागे. दुकानदार बैठक क्रमांक टाकी आणि गुण मोठ्याने वाचून दाखवी. साऱ्या पेठेला कळे कोण पास झाले, कोणाचे गणित राहिले.

एरवी तिथे मुले काय करत? याहूवर खाते उघडत, चॅटच्या खोल्यांत शिरत. समोरचा अनोळखी माणूस सगळ्यांत आधी वय, मुलगा की मुलगी आणि गाव विचारी. आमची नववीतली मुले ते खरेखरे सांगत, कारण विचारलेल्याला खरे उत्तर द्यावे हेच आम्ही त्यांना शिकवले होते. अनोळखी माणसाला आपली माहिती न देणे हाही शहाणपणाचाच भाग आहे, हे तेव्हा आमच्या कोणत्याच पुस्तकात नव्हते.

दर उतरले तशा केबिनी आल्या. पडदे लागले. मुले अश्लील संकेतस्थळांपर्यंत सहज पोहोचतात, अशी तक्रार एका पत्रातून मुंबई उच्च न्यायालयाकडे गेली आणि २००१ मध्ये न्यायालयाने उपाय सुचवण्यासाठी समिती नेमली. ओळखपत्र पाहा आणि अल्पवयीन मुलांना मोकळ्या जागेतल्या संगणकावर बसवा, असा त्या समितीच्या शिफारशींचा रोख होता. साडेचार फुटांच्या नियमाचे मूळ मला तिथे दिसते. आमच्या स्टँडजवळचा एक कॅफेवाला मात्र कोणी न सांगता हे पाळत होता. शाळेच्या गणवेशातल्या मुलाला तो केबिन देतच नसे. म्हणायचा, “मॅडम, पोरगं माझ्या डोळ्यांसमोर बसेल, नाहीतर बसणारच नाही.” त्या मुलांचे आई-बाप त्याच्या ओळखीचे होते आणि मुलांनाही ते ठाऊक होते. कॅफेच्या काळात राखण झाली ती या ओळखीमुळे.

शाळांत संगणक आला तो कुलपात. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम महाराष्ट्रभर पसरला. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागल्यावर आम्ही शिक्षकही संध्याकाळी विद्यार्थी होऊन बसलो. डिसेंबर २००४ मध्ये शाळांमध्ये संगणकशिक्षणासाठी केंद्राची योजना आली आणि पुढे माध्यमिक शाळांतून प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. चपला बाहेर, संगणकांवर कापडी आच्छादने, दाराला जाळी आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. वीज असेल त्या दिवशी एका संगणकाभोवती चार-पाच मुले बसत. आम्ही संगणकाचे भाग शिकवले, चित्र काढायला शिकवले, तक्ता करायला शिकवले. परीक्षेत माउसची आकृती विचारली. इंटरनेटवर कोणी त्रास दिला तर काय करायचे, हा प्रश्न एकाही प्रश्नपत्रिकेत आला नाही. ज्या यंत्राची आम्ही इतकी निगा राखली, ते वापरणाऱ्या मुलाच्या मनाची वेगळी निगा राखावी लागेल, असा विचार तेव्हाच्या अभ्यासक्रमातच नव्हता.

२००४ च्या अखेरीस दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची मोबाइलवर चित्रित झालेली खासगी फीत देशभर पसरली, एका संकेतस्थळावर विक्रीलाही आली. त्या संकेतस्थळाच्या प्रमुखाला अटक झाली. कॅमेरा आता मुलांच्याच हातात आहे, हे त्या प्रकरणाने देशाला दाखवले. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात २००८ मध्ये दुरुस्ती झाली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून कलम ६७-ब लागू झाले. अठरा वर्षांखालील व्यक्तीचे लैंगिक चित्रण करणे, पाठवणे, शोधणे, उतरवून घेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. १४ नोव्हेंबर २०१२ पासून मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आला. वर्गातल्या मुलीचा फोटो गंमत म्हणून पुढे ढकलणारा पंधरा वर्षांचा मुलगाही बाल न्याय मंडळापुढे उभा राहू शकतो. हे मी दहावीच्या वर्गात सांगे तेव्हा मागच्या बाकापर्यंत शांतता पसरे. शाळांनी मात्र त्या काळात एकच उपाय केला: दप्तरांची झडती. मोबाइल सापडला की कपाटात आणि पालकांना बोलावणे.

मग मोबाइल इंटरनेटचे दर कोसळले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले, सुरुवातीचे काही महिने फुकट. ज्या घरात वर्तमानपत्र येत नव्हते तिथे दिवसाला शेकडो संदेश येऊ लागले. त्याची किंमत महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिली. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवड्याच्या बाजारादिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठेचून मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली. बहुतेक शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली. त्या आठवड्यात मी नववीच्या वर्गात विचारले, मुले पळवणाऱ्यांचा संदेश कोणाच्या घरी आला होता? जवळजवळ सारे हात वर झाले. पुढे कोणी पाठवला होता? हात खाली आले, पण नजराही खाली गेल्या. त्या तासाला आम्ही धडा शिकलो नाही. संदेश कोणी लिहिला, कुठला फोटो आहे, तारीख कोणती, पाठवून काय साधते, हे चार प्रश्न फळ्यावर लिहिले आणि मुलांनी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती चांगलीच झाली. पण पाच हीसुद्धा संख्या मोठी आहे, हे त्या वर्गाला कळले होते.

त्याच २०१८ च्या जूनमध्ये दहावीचे नवे पुस्तक आले. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘सामाजिक आरोग्य’ नावाचा धडा आहे. व्यसनांच्या जोडीने मोबाइलचा अतिरेक आणि सायबर गुन्हे त्यात आहेत. कॅफे येऊन दीड-दोन दशके झाल्यावर हा विषय आमच्या मुलांच्या परीक्षेत आला. उशीर झाला, तरी मी त्या धड्याची कृतज्ञ आहे, कारण त्याने मला तास दिला. जे आधी रिकाम्या तासाला बोलावे लागे, ते वेळापत्रकात आले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्षानुवर्षे दप्तरातून काढून घेतलेला फोन आम्हीच पालकांना विनंती करून मुलांच्या हाती द्यायला लावला. ते करणे भाग होते. वर्गांचे गट निघाले, गृहपाठाचे फोटो आले, रेंजसाठी मुले टेकाडावर, पाण्याच्या टाकीवर चढली. एका फोनवर दोन भावंडांचे तास. पण आठवीच्या मुलीचा नंबर, चेहरा आणि आवाज त्या गटांतून कुठवर गेला, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पुढच्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे आली. ऑनलाइन तासातला तिचा फोटो उचलून कोणीतरी तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटे खाते काढले होते आणि त्यावरून इतरांना घाणेरडे संदेश जात होते. ती बरेच दिवस गप्प होती. मी कारण विचारले तर म्हणाली, “मॅडम, घरी सांगितलं तर आधी फोन जाईल, मग शाळा जाईल.” आम्ही आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले, तारखा लिहिल्या, मग खात्याची तक्रार केली. तिच्या आईला मी स्वतः भेटले. खाते बंद झाले, मुलगी दहावी झाली. गुन्हेगारापेक्षा तिला घरच्यांची भीती जास्त वाटत होती, हे माझ्या साऱ्या नोकरीतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे निरीक्षण आहे.

शाळा उघडल्यावर गावे जागी झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुले अभ्यासाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. या दोन्हींत मला वडगावचा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो, कारण तिथे नियम मोठ्यांनाही लागू आहे. बाप फोन बाजूला ठेवतो तेव्हा मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. बंदी मात्र मुलाला लपायला शिकवते, आणि लपून वापरणारे मूल अडचणीत आले की सांगतही नाही. पण भोंगाही दीड तासाचाच. उरलेल्या वेळी स्क्रीन मुलाच्या हातातच असते, आणि तिथे ना फळी आहे, ना तो ओळखीचा कॅफेवाला.

त्या कॅफेवाल्याची जागा आता आई-वडिलांनी आणि शिक्षकांनी घ्यायची आहे, झडती घेणाऱ्याची नव्हे. मदतीची साधने आज आहेत. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०, मुलांसाठी १०९८, आणि २०१९ पासून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल, जिथे मुले आणि स्त्रियांविरुद्धच्या काही गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. शिक्षकांना माझी विनंती आहे की हे दोन क्रमांक वर्गाच्या फळ्यावर, रोजच्या सुविचाराशेजारी, वर्षभर राहू द्या. आणि पालकांनो, मुलाच्या हाती फोन देताना त्याच दिवशी त्याला शब्द द्या: “काहीही झालं तरी मला सांग. सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही, शाळा बंद करणार नाही.” दिलेला हा शब्द पाळा.