हॅरी विल्स : न झालेली लढत

जुलै १९२२मध्ये दोन मुष्टियोद्ध्यांनी एका करारावर सह्या केल्या. एक होता हेवीवेट गटाचा जगज्जेता जॅक डेम्पसी. दुसरा हॅरी विल्स, त्या काळातला त्याचा सर्वांत लायक आव्हानवीर. योग्य आयोजक पुढे आला की लढत घ्यायची, असे ठरले. विजेतेपद त्यानंतर आणखी चार वर्षे डेम्पसीकडेच राहिले, पण ही लढत काही झाली नाही. मात्र 'झाली असती तर कोण जिंकले असते?' हा वाद शंभर वर्षे चालूच आहे. मुष्टियुद्धाच्या इतिहासात रस असलेली चार माणसे एकत्र बसली की विल्सचे नाव निघते, दोघे एका बाजूला जातात, दोघे दुसऱ्या, आणि चहा गार होतो.

मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. नोकरी सांभाळून जुन्या लढतींच्या नोंदी, वर्तमानपत्री वृत्तान्त आणि आत्मचरित्रे वाचत गेलो, आणि नोंद वाचायची कशी हे त्या वाचनानेच शिकवले. हा वाद मला आवडतो, म्हणून तो येथे दोन्ही बाजूंनी मांडणार आहे. पण त्या प्रश्नापोटी आणखी एक प्रश्न आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

विल्सचा जन्म १८८९चा, न्यू ऑर्लिन्सचा. तरुणपणी त्याने गोदीत हमाली केली. उंची सहा फुटांहून दोन-तीन इंच जास्त, वजन दोनशे पौंडांच्या वर. प्रतिस्पर्ध्याला अंगाजवळ खेचून एका हाताने धरून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने ठोसे लगावायचे, ही त्याची खास रीत. मात्र त्याच्या लढतींची यादी पाहिली की पहिल्यांदा चक्रावायला होते. तीच ती नावे पुन्हा पुन्हा येतात. सॅम लँगफर्डशी तो पंधराहून अधिक वेळा लढला. जो जेनेट, सॅम मॅकव्हे, बिल टेट यांच्याशीही अनेकदा. नवख्या वाचकाला वाटेल, याला दुसरे कोणी मिळत नव्हते काय?

खरोखरच फारसे मिळत नव्हते. हे सगळे कृष्णवर्णीय होते, आणि गोऱ्या विजेत्यांनी स्वतःभोवती एक रेघ ओढून घेतली होती. अमेरिकेत तिला 'कलर लाइन' म्हणत. १८८०च्या दशकातला विजेता जॉन एल. सलिव्हन याने पीटर जॅक्सनशी लढायला नकार दिला, आणि तेव्हापासून हा पायंडा पडला. जिम कॉर्बेट १८९१मध्ये त्याच जॅक्सनशी एकसष्ट फेऱ्या लढला आणि निकाल लागला नाही. पण पुढच्याच वर्षी सलिव्हनला हरवून विजेता झाल्यावर कॉर्बेटनेही जॅक्सनला विजेतेपदासाठी संधी दिली नाही.

ही रेघ एकदाच पुसली गेली. डिसेंबर १९०८मध्ये सिडनीत जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवले आणि तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. ४ जुलै १९१० रोजी नेवाडातल्या रीनो येथे त्याने निवृत्तीतून परत आणलेल्या जिम जेफ्रीजला लोळवले. त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या, माणसे मारली गेली. १९१२मध्ये लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घालणारा कायदा आला. एप्रिल १९१५मध्ये हॅवानात जेस विलार्डने जॉन्सनला सव्विसाव्या फेरीत हरवले, आणि रेघ पुन्हा पूर्वीसारखीच ठळक झाली. ४ जुलै १९१९ रोजी टोलीडोत डेम्पसीने विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडून विजेतेपद मिळवले, आणि लगोलग जाहीर केले की तो कृष्णवर्णीयांशी लढणार नाही. विजेता होण्यापूर्वी मात्र तो लढला होता. १९१६मध्ये न्यूयॉर्कला जॉन लेस्टर जॉन्सनकडून त्याने बरगड्या मोडून घेतल्या होत्या.

येथे जॉन्सनबद्दलही एक गोष्ट नोंदवायला हवी. लँगफर्ड आणि जेनेट यांना विजेतेपदासाठी संधी त्यानेही दिली नाही. सव्वासहा वर्षांच्या कारकिर्दीत एकाच कृष्णवर्णीयाशी, बॅटलिंग जिम जॉन्सनशी, तो विजेतेपदासाठी लढला. गल्ल्याचा हिशेब गोऱ्या प्रतिस्पर्ध्याकडेच झुकत होता. रेघ ओढणारे गोरे होते, पण तिचे अर्थशास्त्र सगळ्यांनाच वाकवत होते.

आता मूळ वाद. विल्स डेम्पसीला हरवू शकला असता काय?

डेम्पसीची बाजू आधी घेऊ. दोघांचेही समान प्रतिस्पर्धी होते, आणि नोंदी पहिल्या नजरेत डेम्पसीच्या बाजूने बोलतात. फ्रेड फुल्टन हा उंचापुरा योद्धा. डेम्पसीने त्याला १९१८मध्ये अर्ध्या मिनिटाच्या आत झोपवले. १९२०मध्ये विल्सला त्याच कामाला तीन फेऱ्या लागल्या. अर्जेंटिनाच्या लुईस फिर्पोला डेम्पसीने सप्टेंबर १९२३मध्ये दुसऱ्या फेरीत संपवले. वर्षभराने विल्स त्याच्याशी पुऱ्या बारा फेऱ्या लढला, आणि फिर्पो शेवटी पायांवर उभा होता. जानेवारी १९२२मध्ये डेम्पसीचा सरावातला जोडीदार बिल टेट याच्याविरुद्ध विल्स पहिल्याच फेरीत नियमभंगामुळे बाद ठरला, आणि चार दिवसांनी झालेली फेरलढत बरोबरीत सुटली. १९२४मध्ये बार्टली मॅडनला पंधरा फेऱ्यांत तो पाडू शकला नाही. तोच मॅडन पुढच्या वर्षी जीन टनीपुढे तिसऱ्या फेरीत गारद झाला. शिवाय, उंच आणि जड माणसे हेच डेम्पसीचे खाद्य होते. विलार्ड त्याच्यापेक्षा सुमारे साठ पौंडांनी जड होता. डेम्पसी वाकून, डोलत आत शिरे आणि खालून वर ठोसे मारी. विल्ससारखा सरळ उभा राहणारा माणूस त्याला सोयीचाच होता, असे ही बाजू म्हणते.

आता विल्सची बाजू. फिर्पोच्या लढती नीट पाहा. डेम्पसीने फिर्पोला दोन फेऱ्यांत संपवले हे खरे, पण त्या पहिल्या फेरीत फिर्पोने डेम्पसीला दोरांमधून रिंगणाबाहेर, पत्रकारांच्या अंगावर भिरकावले होते. विल्सने त्याच फिर्पोला दुसऱ्या फेरीत पाडले, आणि नंतर बारा फेऱ्या त्याला डोके वर काढू दिले नाही. यातला जास्त सुरक्षित योद्धा कोणता? डेम्पसीला त्रास कोणी दिला तेही पाहा. १९२३मध्ये टॉमी गिबन्स त्याच्यापुढे पंधरा फेऱ्या टिकला. १९२६मध्ये टनीने अंतर राखून, सरळ हाताने त्याला दहा फेऱ्या खेळवले आणि विजेतेपद घेतले. धरून ठेवणारा, ताकदवान, लांब हातांचा विल्स डेम्पसीला आत शिरल्यावर मोकळा सोडणारा नव्हता. आणि ज्या सॅम लँगफर्डला आपण घाबरत होतो अशी कबुली डेम्पसीने पुढे दिली, त्या लँगफर्डशी विल्स वर्षानुवर्षे लढत होता. लँगफर्डने त्याला १९१४ आणि १९१६मध्ये नॉकआउट केले. १९१८मध्ये विल्सने त्याची परतफेड केली. अर्थात तोवर लँगफर्डची नजर आणि उमेद दोन्ही ओसरू लागली होती, हेही मोजायला हवे.

या सगळ्या नोंदी वाचताना एक सावधगिरी लागते. त्या काळी अनेक राज्यांत पंचांना गुणांवर निकाल देण्याची मुभा नव्हती. नॉकआउट झाला तरच निकाल, नाहीतर लढत 'निकालाविना'. मग दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे आपापला विजेता ठरवत. विल्स-फिर्पो ही न्यू जर्सीतली लढत अशीच. विल्सचे वर्चस्व बातमीदारांनी नोंदवले, अधिकृत खात्यावर तो विजय नाही. दुसरे असे, की एकाच माणसाशी पंधरा-वीस वेळा लढायचे असेल तर दर वेळी जिवावर उदार होऊन चालत नाही. पुढच्या महिन्याचे पोटही त्याच माणसावर अवलंबून असते. त्यामुळे विल्सच्या नोंदीतल्या संथ लढतींचा अर्थ डेम्पसीच्या लढतींच्या मापाने लावता येत नाही. 'अ'ने 'ब'ला पाडले, 'ब'ने 'क'ला पाडले, म्हणून 'अ' 'क'ला पाडेलच, हे अंकगणित आपल्या तालमींतही कोणी खरे मानत नाही.

तरीही माझे मत विचाराल तर देतो. १९२०ते १९२२ या काळात लढत झाली असती तर पहिल्या चार फेऱ्या डेम्पसीच्या होत्या. त्यांतून विल्स उभा राहता तर उरलेल्या फेऱ्या त्याच्या. पारडे किंचित डेम्पसीकडे झुकते. १९२४नंतर दोघेही उतरणीवर होते. डेम्पसी तीन वर्षे विजेतेपदासाठी लढलाच नाही, आणि विल्स पस्तिशी ओलांडून गेला होता.

पण समजा, डेम्पसीच जिंकला असता. मग विल्सला संधी नाकारणे योग्य ठरते काय?

डेम्पसीने विजेतेपद यशस्वीपणे राखले ते पाच जणांविरुद्ध. पहिला बिली मिस्के. तो मूत्रपिंडाच्या आजाराने ग्रस्त होता आणि पुढे १ जानेवारी १९२४ रोजी वारला. तिसऱ्या फेरीत त्याचा निकाल लागला. दुसरा बिल ब्रेनन. तिसरा फ्रान्सचा जॉर्ज कार्पांतिए, वजन सुमारे १७२ पौंड, म्हणजे हेवीवेटच्या मापाने पोरगेलाच. त्या लढतीचा गल्ला पहिल्यांदाच दहा लाख डॉलरच्या वर गेला. चौथा गिबन्स, पाचवा फिर्पो. कार्पांतिए जिंकू शकेल काय, असे विचारून कोणी त्याला दारात अडवले नाही. मिस्केच्या प्रकृतीचा दाखला कोणी मागितला नाही. 'हा जिंकू शकेल काय?' ही परीक्षा रिंगणाबाहेरच द्यायला लावली ती विल्सला, आणि ती वर्षानुवर्षे चालली.

वास्तविक ही परीक्षा तरी मनापासून होती काय? डेम्पसीच्या मोठ्या लढतींचा आयोजक टेक्स रिकर्ड हाच १९१०च्या रीनोतल्या लढतीचाही आयोजक होता. त्या रात्रीच्या दंगली तो विसरला नव्हता. वरच्या राजकीय मंडळींना ही लढत नको आहे, असे रिकर्डने आपल्याला सांगितल्याचे डेम्पसी पुढे सांगत असे. १९२५मध्ये फ्लॉइड फिट्झसिमन्स नावाच्या आयोजकाने पुन्हा करार जुळवला. विल्सला पन्नास हजार डॉलर मिळाले. डेम्पसीला कबूल केलेली आगाऊ रक्कम मात्र आयोजकाच्या खात्यात नव्हती, म्हणून तो उठून गेला. १९२६मध्ये न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने आधी विल्सशी लढा असा आग्रह धरला, तर डेम्पसी-टनी लढत फिलाडेल्फियाला नेण्यात आली. एक लाख वीस हजारांवर लोकांनी ती पाहिली. म्हणजे विल्स ज्या लढतीसाठी चार वर्षे थांबला होता, तिची जागा दुसऱ्याच्या लढतीने घेतली, तीही दुसऱ्या गावी.

पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर १९२६मध्ये, सदतीस वर्षांचा विल्स जॅक शार्कीकडून हरला. तेराव्या फेरीत नियमभंगासाठी त्याला बाद केले गेले, पण तोवर तो मागेच पडला होता. जुलै १९२७मध्ये पाउलिनो उझकुदुनने त्याला चौथ्या फेरीत झोपवले. लगेच म्हणणारे म्हणाले, पाहा, यात काही दम नव्हताच. माणसाला उमेदीच्या वर्षांत थांबवून ठेवायचे, आणि वय झाल्यावर त्याच्या पराभवाचा दाखला देऊन थांबवणे बरोबर होते असे ठरवायचे, ही युक्ती मुष्टियुद्धापुरती नाही.

म्हणून 'विल्स जिंकला असता काय?' या वादात मला आता निराळे दिसते. खेळाडूला जिंकण्याची हमी कोणीच देऊ शकत नाही. पण हरण्याचा हक्क तरी हवा. उघड्या रिंगणात, सर्वांदेखत, चुरशीने हरण्याचा. मिस्केला तो मिळाला, कार्पांतिएला मिळाला. विल्सला मिळाला नाही. जो हरलाच नाही त्याचा पराभव सिद्ध होत नाही आणि विजयही. तो कायमचा 'अंदाजा'त राहतो. ज्याला आपण 'दुर्लक्षित' म्हणतो त्याच्याकडे लोकांचे लक्ष नव्हते असे नाही. विल्सकडे सगळ्यांचे लक्ष होते. आयोगाने त्याचे नाव घेतले, करार दोनदा झाले. नव्हती ती फक्त जोड लावण्याची तयारी.

विल्सने १९३२मध्ये हातमोजे उतरवले. हार्लेममध्ये त्याने घरे-इमारती घेतल्या होत्या, त्यांच्या उत्पन्नावर तो सुखात जगला. दरवर्षी महिनाभर उपास करण्याच्या त्याच्या सवयीची चर्चा वर्तमानपत्रांत होत राहिली. जून १९३७मध्ये शिकागोत जो लुईसने जेम्स ब्रॅडॉकला हरवून विजेतेपद घेतले. १९१५नंतर हेवीवेट विजेतेपदासाठी उभा राहू दिलेला तो पहिला कृष्णवर्णीय. या बावीस वर्षांत विल्सची सगळी उमेद बसते. २१ डिसेंबर १९५८ रोजी तो न्यूयॉर्कमध्ये वारला, आणि १९९२मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध गौरव दालनात त्याचे नाव कोरले गेले. डेम्पसीशी झालेल्या लढतीचा रकाना त्याच्या नोंदवहीत नाही. तो रकाना रिकामा ठेवणाऱ्यांची नावे मात्र हुडकता येतात, आणि संशोधकाने आधी ती हुडकावीत. कोण जिंकले असते, हे त्यानंतर भांडत बसायला आपण मोकळे आहोतच.